मदत हवी आहे : कमी कर्बोदकांच्या आहारात तेल कोणते वापरावे आणि भाज्या कोणत्या वगळाव्यात?

लातूरची_सई :
आमच्या घरी सात आठवड्यांपासून कमी कर्बोदकांचा आहार सुरू आहे. भात, पोळी आणि साखर पूर्ण बंद केली असून भाकरी एका वेळी अर्धीच ठेवली आहे. तेल तीन वेळा बदलून झाले : आधी रिफाइंड सूर्यफूल, मग करडई आणि आता घाण्याचे शेंगदाणा. भाज्याही मेथी, दोडका, कोबी, गवार अशाच असतात. तरीही दुपारच्या खाण्यानंतर दोन तासांनी मोजलेली रक्तशर्करा बहुतेक दिवशी १५० च्या आसपास असते आणि मधूनच २२० च्या पुढे जाते. उद्या महिन्याचे वाणसामान भरायचे आहे, तेव्हा कृपया नेमके सांगा. ‘डॉक्टरांना विचारा’ एवढेच उत्तर नको, ते विचारून झाले आहे.

घाणा_हवा :
ताई, घाण्याचे शेंगदाणा तेल अजिबात सोडू नका. रिफाइंड तेल काढताना हेक्झेनसारखे द्रावक वापरतात, ते पोटात कशाला घ्यायचे? आम्ही स्वतःचे दाणे निवडून घाण्यावर देतो आणि समोर उभे राहून तेल काढून आणतो. पेंडही परत मागून घ्यावी, ती गुरांना उत्तम असते.

साताऱ्याचे_काका :
तेलाचा विचारच सोडा आणि साजूक तूप वापरा. तूप सुमारे २५० अंशांपर्यंत जळत नाही. मी भाजीची फोडणीसुद्धा तुपातच देतो आणि वर्षभरात माझे वजन नऊ किलोंनी उतरले. रोज पाऊण तास चालतही जा.

रसायन_पुणे :
काका, आपला अनुभव मी नाकारत नाही, परंतु तुपातील सुमारे ६० टक्के स्निग्धांश संपृक्त (सॅच्युरेटेड) असतो. ज्यांचे एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढलेले आहे, त्यांना सगळा स्वयंपाक तुपात करा असे सांगणे मला योग्य वाटत नाही. शेंगदाणा तेलात हे प्रमाण २० टक्क्यांच्या आत असते आणि करडईत त्याहूनही कमी. ‘घाणा_हवा’ यांना सांगायचे तर, शुद्धीकरणात ते द्रावक जवळजवळ पूर्ण काढून टाकले जाते, आणि घाण्याचे तेल तळणीला लवकर धुरावते हेही लक्षात घ्यावे.
सईताई, मुख्य मुद्दा वेगळाच आहे. कोणत्याही खाद्यतेलात रक्तशर्करा वाढवणारी कर्बोदके नसतात, म्हणून एक तेल बदलून दुसरे आणल्याने दोन तासांनंतरचा आकडा १५० वरून २२० वर जाणार नाही. तेलाच्या प्रत्येक ग्रॅमला नऊ कॅलरी मिळतात, तेव्हा कोणतेही घ्या, पण मोजून घ्या.

नीरजा_वर्धा :
हा आहार कोणासाठी आहे? गोळ्या कोणत्या चालू आहेत? भाजीत काय काय घालता? आणि २२० हा आकडा कोणत्या वारी आला, हे वहीत पाहून सांगाल का? एवढे कळल्याशिवाय भाज्यांची यादी देणे व्यर्थ आहे.

लातूरची_सई :
अर्थातच माझ्या यजमानांसाठी. वय ५४, गोळ्या मधुमेहाच्या, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. भाजीत नेहमीचेच, म्हणजे दाण्याचे कूट आणि गुळाचा खडा, कोबी मात्र पीठ पेरून करते. वही पाहिली. २२० च्या पुढचे दिवस म्हणजे तीन गुरुवार आणि एक एकादशी. त्या दिवशी त्यांचा उपवास असतो, जेवण नसतेच, फक्त साबुदाण्याची खिचडी आणि उकडलेले रताळे असते, म्हणून लिहिले नव्हते.

नीरजा_वर्धा :
ताई, तुमचे उत्तर त्या चार दिवसांतच आहे. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमांहून अधिक कर्बोदके असतात आणि तंतू (फायबर) जवळजवळ नसतातच. तेवढीच कर्बोदके मेथीतून मिळवायची म्हटली, तर तंतू वजा जाता काही किलो मेथी खावी लागेल. रताळ्यात १०० ग्रॅमला सुमारे २० ग्रॅम, बटाट्यात १७, मटारात १४ असतात, अळकुडीत तर त्याहून जास्त. हीच वगळायची. मेथी, पालक, दुधी, दोडका, कारले, कोबी, फुलकोबी, वांगी निश्चिंतपणे ठेवा. भाजीवर पेरलेले पीठ आणि गूळ मात्र काढा, कारण वीस ग्रॅम बेसनातूनही दहा-अकरा ग्रॅम कर्बोदके जातात.

साताऱ्याचे_काका :
मग उपवासाला भगर करावी, ती हलकी असते.

नीरजा_वर्धा :
काका, भगर पचायला हलकी असली, तरी तीही धान्यासारखीच पिष्टमय आहे. इथे तिचा उपयोग नाही.

औषधालय_नाशिक :
मी औषधांच्या दुकानात काम करतो, म्हणून विचारतो. भाकरी निम्मी केल्याचे डॉक्टरांना सांगितले आहे का? ग्लिमेपिराइड ही गोळी ताटात कर्बोदके असोत वा नसोत, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. आहार एवढा कमी केला आणि मात्रा तीच राहिली, तर साखर घसरू शकते. जेवणाआधी घाम येणे, हात थरथरणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे असे काही झाले आहे का?

लातूरची_सई :
दोनदा झाले आहे, संध्याकाळी सातच्या सुमारास. आम्ही अशक्तपणा समजून लिंबू-सरबत दिले आणि बरे वाटले. डॉक्टरांना मी फक्त तेलाबद्दल विचारले होते, भाकरीचे सांगितलेच नाही. उद्या सकाळी आधी दवाखाना, मग वाणसामान. तेल शेंगदाण्याचेच ठेवते, पण महिन्याचा अंदाज कमी करते. येत्या गुरुवारचे मात्र सुचवा, उपवास सोडायला ते तयार होणार नाहीत.

औषधालय_नाशिक :
उपवासाच्या दिवशी गोळी कशी घ्यायची, हेही उद्याच विचारून घ्या. दिवसभर उपाशी राहून ती घेऊ नये.

नीरजा_वर्धा :
डॉक्टरांनी परवानगी दिली, तर काकडी कोचवून घट्ट दह्यात दाण्याचे कूट घाला आणि वरून तूप-जिऱ्याची फोडणी द्या. जोडीला वाटीभर लाल भोपळ्याचे भरीत आणि ताक ठेवा. फोडणी तुपाच्या एका चमच्यात होते. कोथिंबीर तुमच्याकडे उपवासाला चालत असेल तरच घाला, आमच्याकडे चालत नाही.