‘सामायिक निर्णय’ की ‘आपण ठरवू’? परिचारिकांच्या पुस्तिकेसाठी शब्द हवा आहे

रात्रपाळी
रुग्णालयातल्या परिचारिकांच्या प्रशिक्षणाची एक पुस्तिका मराठीत आणतेय. एकोणीस वर्षं वॉर्डात काढली, आता शिकवते. पण शीर्षकापाशीच गाडी अडली आहे. मूळ शब्द ‘शेअर्ड डिसिजन मेकिंग’. पेशंटपुढे दोन-तीन वाटा असतात आणि त्यातली एकही सरसकट चुकीची नसते, तेव्हाची ही गोष्ट. ऑपरेशन आत्ता की गोळ्या घेत थांबून बघायचं, डायलिसिस सुरू करायचं की नाही, असले प्रसंग. डॉक्टरांनी परस्पर ठरवायचं नाही आणि ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणून सगळं पेशंटच्या गळ्यातही घालायचं नाही. हे बोलणं घडवून आणायला नर्सने पुढे व्हायचं आणि त्यासाठी तिची तयारी करून घ्यायची, हा पुस्तिकेचा विषय.

मी लिहिलं, ‘सामायिक निर्णयप्रक्रियेचे नेतृत्व करण्यासाठी परिचारिकांची सज्जता’. इन्चार्ज सिस्टरना वाचायला दिलं. त्या म्हणाल्या, “सामायिक म्हणजे उद्या काही बिघडलं तर दोषही सामायिक का? आणि राउंडला डॉक्टरांसमोर नेतृत्व? आधी तुम्ही करून दाखवा.” शेजारची म्हणाली, “सज्जता काय, लढाईवर चाललोय?” तीन शब्द होते, तिन्ही बाद. सुचवा.

शब्दखोर
इन्चार्ज सिस्टरांचा कान तयार आहे. सामाईक भिंत, सामाईक विहीर, सामाईक जिना: मराठीत हा शब्द भांडणाआधी किंवा भांडणानंतरच येतो. ‘सहनिर्णय’ घ्या. सहकार, सहजीवन, सहवास, ‘सह’ लागला की शब्दाला जरा माणुसकी येते.

अर्धविराम
‘सहनिर्णय’ मोठ्याने म्हणून बघा. घाईत ‘सहज निर्णय’ ऐकू येतं. डायलिसिसचा सहज निर्णय!

आणि ‘सामायिक’ तर नकोच. जैन मंडळींत सामायिक म्हणजे दोन घटका, ४८ मिनिटं, समभावात बसायची साधना. ‘सामयिक’ म्हणजे नियतकालिक. एका ‘य’च्या आजूबाजूला एवढी गर्दी असताना तिथे पेशंटला कशाला ढकलता?

रात्रपाळी
४८ मिनिटं समभावात! आमच्याकडे एका खाटेपाशी चार मिनिटं मिळाली तरी खूप.

निरुक्तवाला
शब्द सुचवण्याआधी एक गंमत. ‘निर्णय’ आणि ‘नेतृत्व’ दोन्ही ‘नी’ धातूचे. नी म्हणजे नेणे. निर्णय म्हणजे गोष्ट शेवटाला नेणं, नेता म्हणजे माणसांना नेणारा. आणि ‘परिचारिका’? परि अधिक चर्, म्हणजे भोवती फिरणारी. तुमच्या शीर्षकात दोन शब्द पुढे नेणारे आणि तिसरा गोल फिरणारा. इन्चार्ज सिस्टरना व्याकरणच टोचलं असणार.

जुना दाखला हवा तर चरकाने उपचाराचे चार पाय सांगितलेत: वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे जवळ उभा राहणारा, आजचा नर्स. त्याला नुसती सेवा नव्हे, उपचाराचं ज्ञानही हवं असं तिथे आहे. तेव्हा ‘उपस्थाता’ पुन्हा चालू करावा.

जुनाफाटा
करा की चालू. “उपस्थाता, सलाईन संपलंय!”

पण त्याच यादीत रोग्याचे गुण कुठले दिलेत तेही सांगा. त्यात एक आहे ‘निर्देशकारित्व’. म्हणजे सांगितलं तसं करणं. इथे चर्चा कशाची चाललीय आणि दाखला कसला देताय!

निरुक्तवाला
अर्धंच सांगू नका. त्याच ओळीत ‘ज्ञापकत्व’ही आहे, आपल्या आजाराबद्दल नीट सांगता येणं. म्हणजे माहिती दोन्ही बाजूंनी जायला हवी हे तिथेही आहे. ‘शेअर्ड’ म्हणजे आणखी काय?

जुनाफाटा
माहिती देणं वेगळं, ठरवणं वेगळं. रोग्याने सांगायचं आणि मग निमूट ऐकायचं, असा तो जोडगुण आहे. जुन्यात आपल्याला हवं ते सापडतंच, हा जुन्याचा दोष नाही, आपला आहे.

वांगमयी
शुद्धलेखनवाले माझ्या नावावर तुटून पडायच्या आत सांगते, ते मुद्दाम तसं आहे.

मला शब्दाचीच गरज वाटत नाही. ऑपरेशन, सलाईन, ड्रेसिंग, आयसीयू, डिस्चार्ज सगळं मराठीत सुखाने नांदतंय. तसंच ‘शेअर्ड डिसिजन’ ठेवा. पेशंटला समजेल असा मराठी शब्द शोधताय तो ‘निर्णयप्रक्रिया’ आहे का? प्रक्रिया सांडपाण्यावर करतात.

शब्दखोर
सलाईन ही वस्तू आहे. बाटली दिसते, नाव चिकटतं. हे वागणं आहे. वागण्याला परकं नाव दिलं की ते वागणंही परक्याचं राहतं, कागदावर टिक केली की संपलं. ‘इन्फॉर्म्ड कन्सेंट’चं, म्हणजे सगळं समजावून घ्यायच्या संमतीचं, काय झालं? वॉर्डात त्याला ‘सही’ म्हणतात. “सिस्टर, सात नंबरची सही घेऊन या.”

रात्रपाळी
हे अगदी खरं. सही घ्यायला पाठवतात नर्सलाच. पेशंटचे प्रश्न निघतात तेही तेव्हाच, पेन हातात दिल्यावर. “सिस्टर, हे केलंच नाही तर काय होईल?” हा प्रश्न डॉक्टरांना विचारायचा राहिलेला असतो, तो आमच्या वाट्याला येतो. प्रशिक्षणात तो प्रश्न सहीच्या आधी आणायला शिकवायचंय. थांबून बघणं हाही एक मार्ग आहे, तो यादीत पहिल्यापासून असायला हवा.

मधली खोली
शब्दांतलं मला फार कळत नाही, पण आईच्या गुडघ्याच्या वेळचं सांगते. सगळ्यांना सांगत सुटली, “ऑपरेशन करायचं ठरलं.” मी विचारलं, कोणी ठरवलं? “ठरलं म्हणजे ठरलं.” पुढे कळलं की डॉक्टरांना वाटत होतं घरच्यांना घाई आहे, आम्हाला वाटत होतं डॉक्टरांचा आग्रह आहे, आणि आईला वाटत होतं आम्ही दोघांनी मिळून ठरवलंय. ठरवलं कोणीच नव्हतं. नुसतं ठरलं होतं.

अर्धविराम
वा! हा खरा मुद्दा. ठरवणे आणि ठरणे. मराठीत ‘ठरलं’ला कर्ता लागतच नाही. लग्न ठरतं, भाव ठरतो, ऑपरेशन ठरतं. रात्रपाळी, तुमच्या परिचारिकांना पहिला धडा हाच द्या: पेशंट ‘ठरलं’ म्हणाला की विचारायचं, ‘कोणी?’

निरुक्तवाला
‘सल्लामसलत’ कोणीच कसं काढलं नाही? सल्ला आणि मसलत दोन्ही अरबी, एकाच धातूतले. मस्लहत म्हणजे हित, भलं. ज्यात दोघांचं भलं ते मसलत. पेशंटच्या हिताचा विचार शब्दातच बसवलेला आहे.

जुनाफाटा
कालपर्यंत उपस्थाता, आज अरबी. शुद्धीवाले कुठे गेले?

मराठीत मसलतीचं काय झालं तेही बघा. बखरींत मसलत म्हणजे सरळ मोहीम. आणि आज कोणी ‘मसलत चाललीय’ म्हणालं की आपण आधी दार लावून घेतो.

वांगमयी
‘नेतृत्व’ऐवजी ‘सूत्रधार’ कसं वाटतं? नाटकात सूत्रधार सगळं जुळवून आणतो, पण नायक होत नाही. नर्सचं काम तेच आहे ना?

जुनाफाटा
वर्तमानपत्रात सूत्रधार फक्त कटाचा असतो. ‘परिचारिका: मसलतीची मुख्य सूत्रधार’. छापा, पोलीसच येतील.

रात्रपाळी
हसून झालं. आता जरा कामाचं.

नर्सने ‘लीड’ करायचं म्हणजे निर्णय तिने द्यायचा नाही. डॉक्टर आणि पेशंट एका पानावर आहेत ना हे बघायचं, पर्याय समोर मांडले गेलेत ना, कुणी घाई करत नाही ना. इंग्रजीत तिला ‘डिसिजन कोच’ म्हणतात. ओटावातल्या मंडळींनी या कामाची बरीच साधनं तयार केली. त्यातलं एक चार प्रश्नांचं आहे, हो-नाही उत्तरं. आपल्यासाठी सगळ्यात योग्य काय याची तुम्हाला खात्री वाटते का? प्रत्येक पर्यायाचे फायदे-तोटे माहीत आहेत का? त्यातलं तुमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं काय हे स्पष्ट आहे का? निवड करायला पुरेसा आधार आणि सल्ला मिळालाय का? एक जरी ‘नाही’ आलं तरी पेशंट अजून अडलेला आहे असं समजून पुन्हा बसायचं.

कागदावर हे सोपं आहे. एकदा मी शंभर माणसांच्या चित्रांचा तक्ता घेऊन एका आजोबांपाशी बसले होते. त्या ऑपरेशननंतर शंभरातल्या कितींना त्रास होतो ते दाखवायला थोडी चित्रं रंगवलेली. ‘धोका निम्म्यावर येतो’ म्हटलं की माणूस हरखतो, पण चारावरून दोनावर आला की चाळिसावरून विसावर, हे तक्त्यावरच कळतं. मी बोलत होते, ते बघत होते. मग त्यांनी एका रंगवलेल्या चित्रावर बोट ठेवलं. “हा मीच कशावरून नाही?”

मला उत्तर आलं नाही. म्हटलं, असूही शकता. ते म्हणाले, “मग ठीक. आता बोला. सिस्टर, माझ्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतं?” हा प्रश्न सगळ्या जणींना येतो आणि त्यावर अडखळायला होतं. टाळलं तर माणूस दुखावतो, सांगितलं तर तेच ‘ठरतं’. आता मी शिकवते की म्हणायचं, “सांगते, पण आधी तुम्ही सांगा, यातल्या कुठल्या गोष्टीची भीती जास्त वाटते?” बहुतेकदा त्यानंतर माझं मत कोणी विचारत नाही.

आणि शेवटी ‘समजलं ना?’ विचारायचं नाही. त्याचं उत्तर मराठीत ‘हो’ इतकंच आहे. “मी नीट सांगितलं की नाही ते बघायचंय, घरी गेल्यावर काय सांगाल?” असं विचारायचं. परीक्षा सांगणाऱ्याची.

शब्दखोर
यातला ‘पर्याय’ ठेवा, ‘विकल्प’ आणू नका. हल्ली हिंदीवरून ‘विकल्प’ येतो, पण मराठी मनात विकल्प आला म्हणजे शंका आली. “तुमच्यासाठी तीन विकल्प आहेत” म्हटलं तर पेशंट डिस्चार्ज मागेल.

अर्धविराम
मला शब्द सापडला. ‘आपण’. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे. ‘आम्ही ठरवू’मध्ये पेशंट बाहेर, ‘आपण ठरवू’मध्ये तो आत. इंग्रजीला एकाच ‘वी’वर भागवावं लागतं. इंग्रजीतल्या अभ्यासकांनी २०१२ साली डॉक्टर-पेशंटच्या या संवादाचे तीन टप्पे आखले, तेव्हा पहिल्याचं नाव ‘चॉइस टॉक’ होतं. २०१७ च्या सुधारणेत ते ‘टीम टॉक’ झालं. म्हणजे आधी ‘तुम्हाला निवड आहे’, मग लक्षात आलं की आधी ‘आपण एका बाजूला आहोत’ हे सांगायला हवं. पाच वर्षं लागली. आपल्याकडे सर्वनामातच होतं.

मधली खोली
पण हेच ‘आपण’ वॉर्डात कसं वापरतात? “चला, आपण आता इंजेक्शन घेऊ या हं.” सुई मला, आणि घेणार आपण!

जुनाफाटा
शिवाय ‘आपण’ आदरार्थी ‘तुम्ही’ही आहे. “आपण ठरवा” म्हटलं की सगळं पुन्हा पेशंटच्या गळ्यात. एका प्रत्ययावर माणूस आत नाहीतर बाहेर. आणि तुम्ही त्यावर पुस्तिका काढताय.

रात्रपाळी
ठरवू आणि ठरवा. हा फरक मी तासाला फळ्यावर लिहिणार आहे, परवानगी न घेता.

वांगमयी
एक विचारू? ‘परिचारिका’ लिहिलंत तर ब्रदर कुठे गेले? तेही हेच प्रशिक्षण घेणार ना?

रात्रपाळी
घेणार. त्यांना ‘परिचारक’ म्हटलं तर रागावतात, म्हणे वॉर्डबॉय वाटतो. ‘परिचर’ म्हटलं तर शिपाई. सगळे स्वतःला ‘स्टाफ’ म्हणतात. सरकारी कागदावर ‘अधिपरिचारिका’ आहे, पण ‘अधि’ने पुरुष होता येत नाही.

निरुक्तवाला
म्हणून म्हणतोय, उपस्थाता. तो पुरुष, ती उपस्थात्री.

जुनाफाटा
तुम्ही एकदा ॲडमिट व्हाच.

शब्दखोर
शीर्षक राहिलं की. माझं मत अजून ‘सहनिर्णय’लाच. ‘आपण ठरवू’ हे वाक्य आहे. त्याला विभक्ती लावा पाहू. ‘आपण ठरवूचे प्रशिक्षण’?

रात्रपाळी
मजकूर शुक्रवारी छपाईला जातोय. वर मोठ्या अक्षरांत ‘आपण ठरवू’ टाकलंय, खाली बारीक ‘परिचारिकांसाठी’. ‘नेतृत्व’ काढून ‘पुढाकार’ केलं. इन्चार्ज सिस्टरना दाखवलं. त्या म्हणाल्या, बरंय, पण डॉक्टरांना वाचायला दिलंत का?

अर्धविराम
दिलंत का?

शब्दखोर
या निमित्ताने एक विचारून ठेवतो: ‘सामाईक’ की ‘सामायिक’? मी वर ‘सामाईक भिंत’ लिहिलंय, पण कोशांत दोन्ही दिसतात.