'हिअरसे'ला ऐकीव म्हणावं का?

बोरूबहाद्दर: अमेरिकेतल्या एका फेडरल फौजदारी अपिलाचा निकाल मराठीत करतोय. 'हिअरसे'ला, म्हणजे कोर्टात साक्षीला नसलेल्या कुणाच्या तरी विधानावर टेकलेल्या पुराव्याला, 'ऐकीव पुरावा' लिहून मोकळा झालो. तपासणाऱ्या बाईंचा लाल शेरा आला: 'साक्षीदाराने काही ऐकलेलंच नाही, चिठ्ठी वाचलीय.' चिठ्ठीत एवढंच, 'माल गॅरेजमध्ये आहे'. वाचलेलं ऐकीव कसं?

जुनी_सनद: सांगोवांगी! आजी विचारायची, "डोळ्यांनी पाहिलंस की सांगोवांगी?" त्यातलं 'वांगी' संस्कृत 'वाक्'वरून आलं असणार.

तिठा: 'वाक्'वरून कसं येईल? आडवातिडवासारखा नुसता जोडशब्द आहे तो. आणि सांगोवांगीत मूळ सांगणाऱ्याचा पत्ताच नसतो. हिअरसेत तो ठाऊक असतो, फक्त साक्षीदाराच्या पिंजऱ्यात नसतो, त्यामुळे उलटतपासणी होत नाही. १६०३मध्ये इंग्लंडात वॉल्टर रॅले या सरदारावरच्या राजद्रोहाच्या खटल्यात, त्याच्यावर आरोप करणाऱ्या कोबॅमचा जबाब नुसता वाचून दाखवला. त्याला समोर आणा, असं रॅले सांगत राहिला, पण आणलं नाही. साक्षीदाराला समोरासमोर तपासण्याच्या आरोपीच्या हक्कावरच्या २००४च्या क्रॉफर्ड निकालात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने हाच दाखला दिला.

शुद्धमती: 'परोक्त पुरावा' म्हणा. पर + उक्त. नेमकं, देखणं.

तिठा: देखणं आहे, पण कळणार कुणाला? आमच्या तालुका कोर्टात सगळे 'हिअरसे'च म्हणतात. १८७२च्या आपल्या पुरावा कायद्यात तर हा शब्दच नव्हता. कलम ६० एवढंच म्हणे की तोंडी पुरावा प्रत्यक्ष हवा.

शुद्धमती: म्हणजे कळत नाही म्हणून मराठी शब्द करायचेच नाहीत?

तिठा: करा की. पण आधी अर्थ बघा. अमेरिकेच्या फेडरल पुरावा नियम ८०१प्रमाणे कोर्टाबाहेरचं विधान त्यातला मजकूर खरा आहे हे ठरवण्यासाठी आणलं, तर हिअरसे. माल गॅरेजमध्येच होता हे चिठ्ठीवरून सिद्ध करायचंय? मग हिअरसे. चिठ्ठी वाचून आरोपी का पळाला, एवढंच दाखवायचंय? मग नाही. हे 'परोक्त'मध्ये कुठे बसतं?

जुनी_सनद: 'ऐकीव'मध्ये तरी कुठे बसतं!

बोरूबहाद्दर: बाई म्हणतात 'अग्राह्य' लिहा. पण ग्राह्य-अग्राह्य पुढची गोष्ट. मृत्युपूर्व जबाब हिअरसेच, तरी अपवाद म्हणून ग्राह्य. शिवाय इथे वकिलाने खटल्यात हरकतच घेतली नव्हती, म्हणून अपिलात 'प्लेन एरर'ची कसोटी लागली.

तिठा: 'साधी चूक' नाही ना लिहिलंस?

बोरूबहाद्दर: ...चार ठिकाणी.

तिठा: अरे! वरच्या कोर्टाला आपणहून खुपावी इतकी उघड चूक ती. ढळढळीत.

शुद्धमती: 'ढळढळीत' निकालपत्रात शोभत नाही. 'सुस्पष्ट प्रमाद'.

जुनी_सनद: प्रमाद! आणि 'वांगी'चं काय ठरलं?