मदत हवी आहे: नोकिया ६६०० लोगोनंतर पांढऱ्या पडद्यावर अडकतो, आतले नंबर वाचवायचे आहेत

जुनापुराणा_संच

मंडळी, मदत हवी आहे. फोन नोकिया ६६००, बॅटरीखालच्या लेबलवर टाइप एनएचएल-१०. बॅटरी बीएल-५सी, बरीच वर्षं पडून होती. चार्ज करून चालू केला की नोकिया अक्षरं येतात आणि मग पडदा नुसता पांढरा राहतो. कधी मिनिटभर तसाच, तर कधी मध्येच बंद होऊन परत अक्षरांपासून सुरुवात. सिम आणि मेमरी कार्ड दोन्ही आत आहेत. फोनमध्ये नंबर आणि जुने मेसेज आहेत, ते हवे आहेत. फोन वाचला तर उत्तमच, पण आधी ते. कुठून सुरुवात करू?

तीन_बटणं

हार्ड फॉरमॅट मारा. हिरवं बटण, * आणि ३ एकत्र दाबून ठेवा आणि वरचं पॉवर बटण दाबा. 'फॉरमॅटिंग' दिसेपर्यंत सोडू नका. पांढऱ्या पडद्याचे बहुतेक ६६०० याने उठतात.

बोर्डाखालचा

थांबा, फॉरमॅट आत्ता अजिबात नको. नंबर आणि मेसेज फोनच्या सी: ड्राइव्हवर, म्हणजे आतल्या मेमरीत असतात आणि या तीन बटणांनी तोच पुसला जातो. शिवाय आणखी एक गोष्ट जाते, जी फार जणांच्या लक्षात येत नाही. कार्डाला कधी पासवर्ड लावलेला असेल तर तो फोन स्वतःच्या मेमरीत 'एमएमसीस्टोअर' नावाच्या फाइलमध्ये ठेवतो आणि दर वेळी परस्पर भरतो, म्हणून तुम्हाला तो कधी विचारला जात नाही. फॉरमॅटनंतर ती फाइल गेली की कार्ड कुलूपबंद. पासवर्ड आठवत नसेल तर त्यातले फोटोही अडकले.

तुमच्या वर्णनात दोन वेगळी लक्षणं आहेत, ती आधी सुटी करू. पांढऱ्यावर *अडकणं* बहुधा सॉफ्टवेअरचं असतं. मध्येच *बंद होऊन परत सुरू होणं* बहुधा बॅटरीचं. दोन्ही एकदम असली की माणूस एकाचा इलाज दुसऱ्यावर करत बसतो.

बॅटरी आधी. सपाट टेबलावर ठेवून बोटाने फिरवा. भिंगरीसारखी फिरली तर फुगली आहे. ती चार्ज करू नका, टोचू नका, थेट ई-कचऱ्यात द्या. सपाट असेल तरी नुसत्या मीटरवर विश्वास नको. पडून राहिलेला सेल भार नसताना ३.९ व्होल्ट दाखवतो आणि भार आला की कोसळतो. जीएसएम फोन नेटवर्कला बोलताना दर ४.६ मिलिसेकंदांनी अर्ध्या मिलिसेकंदाचा झटका घेतो, तो दोन अँपिअरच्या आसपास जाऊ शकतो. म्हणून चालू होताना ठीक आणि नेटवर्क शोधताना गचका, हा नमुना दिसतो.

चाचणी अशी करा: १० ओहमचा ५ वॉटचा रेझिस्टर बॅटरीच्या + आणि − टोकांना पाच सेकंद लावा (गरम होतो, चिमट्याने धरा). मधल्या पट्टीला हात लावू नका, ती बॅटरी ओळखण्यासाठी आहे. रेझिस्टर लावलेला असतानाच व्होल्टेज वाचा. ०.१ व्होल्टच्या आसपास घसरण ठीक. ०.३ च्या पुढे गेली तर सेल बाद.

बॅटरी बीएल-५सी आहे, तर तिच्यावरचा उत्पादक आणि काळही बघून ठेवा. डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ मध्ये मात्सुशिताने बनवलेल्या या बॅटऱ्यांबद्दल नोकियाने ऑगस्ट २००७ मध्ये सूचना काढली होती, चार्ज होताना शॉर्ट होऊन जास्त तापण्याच्या शक्यतेमुळे. त्या काळातली असेल तर आकडे चांगले आले तरी वापरू नका.

जुनापुराणा_संच

फुगलेली नाही. उघड्यावर ३.९१, रेझिस्टर लावल्यावर ३.४२. नवीन बीएल-५सी मिळाली, तिचे ४.१२ आणि ४.०४. नवी घातल्यावर मध्येच बंद होणं थांबलं. पांढरा पडदा मात्र तसाच. कार्ड काढून पाहिलं, फरक नाही. सिम काढलं तर 'सिम घाला' एवढंच म्हणतो.

बोर्डाखालचा

म्हणजे अर्धं काम झालं. सिम परत घाला, या फोनला मेनूत जायला सिम लागतंच. सेवा बंद झालेलं जुनं सिमही चालेल.

आता कार्ड बाहेर ठेवून पेन्सिलचं बटण (मजकूर निवडायला वापरतो ते) दाबून ठेवा, पॉवर दाबा आणि होम स्क्रीन येईपर्यंत पेन्सिल सोडू नका. त्याने आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम उठत नाहीत.

जुनापुराणा_संच

आला! मेनू उघडतोय, नंबर दिसतायत. वर 'मेमरी कमी' असं म्हणतोय.

बोर्डाखालचा

मग आत्ता बंद करू नका आणि चार्जर लावून ठेवा. नंबर आधी: कॉन्टॅक्ट्समध्ये सगळे मार्क करून बिझनेस कार्ड म्हणून ब्लूटूथने दुसऱ्या फोनवर पाठवा. सिमवर कॉपी करू नका, तिथे एका नावामागे एकच नंबर बसतो आणि पत्ता, ई-मेल गळून पडतात. मेसेजसाठी कार्ड घाला, मेनूतल्या 'मेमरी'त जाऊन पर्यायांमधून फोन मेमरीचा बॅकअप कार्डावर घ्या. मात्र तो बॅकअप नंतर डोळे मिटून परत भरू नका, आत घाण असेल तर तीही परत येईल.

आता घाण कुठे असते ते. सिम्बियन (या फोनची ऑपरेटिंग सिस्टम) चालू होताना 'सिस्टम\रेकॉग्ज' फोल्डरमधली प्रत्येक '.एमडीएल' फाइल लोड करतं. ती व्यवस्था खरं तर फाइलचा प्रकार ओळखण्यासाठी आहे, पण आपोआप सुरू व्हायचं असलेला प्रत्येक प्रोग्रॅम तिचाच आधार घेतो. एक बिघडलेली फाइल तिथे असली की पांढरा पडदा. फोनमध्ये स्वतःचा फाइल मॅनेजर नाही, एफएक्सप्लोरर ब्लूटूथने पाठवून बसवा (जागा लागेल, आधी काही फोटो कार्डावर हलवा). मग हे बघा:

सी:\सिस्टम\रेकॉग्ज मध्ये 'फ्लो.एमडीएल'
सी:\सिस्टम\ॲप्स मध्ये 'कॅरिबे' फोल्डर
सी:\सिस्टम\सिम्बियनसिक्युअरडेटा मध्ये 'कॅरिबेसिक्युरिटीमॅनेजर'

हे २००४ च्या कॅबिर या फोन-व्हायरसचे ठसे. तो ब्लूटूथने 'कॅरिबे.सिस' म्हणून यायचा. तिन्ही पुसा. बाकीच्या '.एमडीएल' पुसू नका, दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा. त्यातल्या काही खऱ्या ॲप्सच्या असतात आणि एकेक परत आणून दोषी कोण ते कळतं. ई: म्हणजे कार्डावरही हेच बघा.

टॉर्क्स_सहा

एक भर. मेसेज सेटिंग्जमध्ये 'इतर' खाली वापरातली मेमरी कार्ड करून टाका. सगळ्या सामानासाठी फोनमध्ये जेमतेम ६ एमबी आहेत. ती काठोकाठ भरली तरी व्हायरस नसताना हाच पांढरा पडदा येतो, कारण चालू होताना तात्पुरत्या फाइली लिहायला जागा उरत नाही.

आणि नवं कार्ड घेणार असाल तर एमएमसी प्रकारचंच हवं. एसडी कार्ड तसंच दिसतं पण त्याची जाडी २.१ मिलिमीटर, एमएमसीची १.४. एसडीला नऊ टोकं, एमएमसीला सात. जोर लावून घालाल तर खाच वाकेल.

जुनापुराणा_संच

फ्लो.एमडीएल आणि कॅरिबे दोन्ही होते. पुसले, पेन्सिल न धरता सुरू झाला. नंबर आणि बॅकअप दोन्ही हातात आहेत. आता जॉयस्टिक खाली जातच नाही, बाकी दिशा ठीक. हेही सॉफ्टवेअर?

टॉर्क्स_सहा

एकच दिशा मेली तर नाही, तो संपर्काखालचा मळ. बॅटरी काढून टी६ टॉर्क्सने (ताऱ्यासारख्या टोकाच्या स्क्रूड्रायव्हरने) उघडा. कडा उचकायला धातू नको, प्लास्टिकची पट्टी वापरा. जॉयस्टिकच्या कडेला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा *एक* थेंब टाका, वीसेक वेळा सगळ्या दिशांना हलवा, कोरड्या कापडाने टिपा, पुन्हा एक थेंब. बाटली ओतू नका, अल्कोहोल पडद्याच्या थरांत शिरलं की डाग कायमचा राहतो. पंधरा मिनिटं उघडं वाळवा, मगच बॅटरी. तरीही खाली जात नसेल तर टोकं झिजली आहेत, जॉयस्टिक बदलावी लागेल.