पगार थांबला तर गावचं घर कसं चालवायचं? भात विकावं का?

शहापूरची सून: आम्ही घरात सहा जण, मिस्टर ठाणे-बेलापूर पट्ट्यात एका कंपनीत कंत्राटावर आहेत, दिवाळीपासून ओव्हरटाइम बंद झालाय आणि माणसं कमी करणार असं तिथे सगळेच बोलतायत. दीड एकर भात, एक म्हैस, बचत गटाचं थोडं कर्ज. सासरे म्हणतात भात विकून रोकड हातात ठेवू, मला ते पटत नाहीये. काय करू?

मुरबाडकर: ताई, आधी वर्षाचं खायचं बाजूला काढा मग उरलं तर विका. महिन्याला घरात किती तांदूळ शिजतो ते मोजा, क्विंटलभर भाताचा साठ-पासष्ट किलो तांदूळ पडतो असा हिशोब धरा. आणि सगळं एकदम भरडू नका हां, तांदळाला टोके लगेच लागतात, भात कडकडीत वाळवून कणगीत ठेवलं तर टिकतं, महिन्याचं तेवढंच गिरणीवर न्यायचं, कोंडा म्हशीला होतो. पेंढा तर अजिबात विकू नका, मे महिन्यात वैरण विकत घ्यायची वेळ आली की दूध परवडतच नाही. वाल निघाले की राख चोळून ठेवा, सुकट पावसाआधी भरा.

कळवा लोकल: मिस्टरांचं पीएफचं पासबुक आजच बघा, कंत्राटदार पैसे कापतो पण भरतोय का ते नोकरी आहे तोवरच विचारलेलं बरं, नंतर कंत्राटदार उभं करत नाही. रेशनकार्डावर सगळ्यांची ई-केवायसी झालीय का तेही बघा. बँकेतले वर्षाला ४३६ रुपयांचा जीवन विमा आणि २० रुपयांचा अपघात विमा दोन्ही चालू ठेवा, कमावता माणूस एकच आहे. खत-बियाण्याला सोसायटीचं पीक कर्ज घ्या, ३ लाखांपर्यंत वेळेत फेडलं तर व्याज शून्य पडतं. सावकाराकडे मात्र जाऊच नका, प्लीज.

वासिंदचा दादा: सासऱ्यांचंही चूक नाही हो. बीपीच्या गोळ्या, लाइट बिल, पोरांची फी भातावर भागत नाही. खाऊन उरलेलं व्यापाऱ्याला मातीमोल देण्यापेक्षा आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर द्या, २०२५-२६ ला साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये ठरलाय. सातबाऱ्यावर पिकाची नोंद लागते, नोंदणी आधी करावी लागते आणि पैसे खात्यात यायला उशीर होतो, म्हणून लगेच लागणारी रोकड त्यात धरू नका.

शहापूरची सून: पासबुक उघडलं, तीन महिने भरलेलेच नाहीत!! मिस्टर उद्या ऑफिसात विचारतायत. कंत्राटदार टाळाटाळ करायला लागला तर तक्रार मूळ कंपनीकडे करायची की थेट पीएफ ऑफिसात?