एकाच घडाच्या चोवीस प्रती: स्मार्ट ऑब्जेक्टने मेमरी खरोखर वाचते का?

तापीकाठ (जळगाव): रावेरच्या एका केळी व्यापाऱ्यासाठी 10 बाय 8 फुटांचा फ्लेक्स करताना फोटोशॉपमध्ये एकाच घडाच्या चोवीस प्रती मांडायच्या होत्या. दुकानातल्या मुलाने तो घड मोठ्या फाइलमधून कॉपी-पेस्ट करून आणला आणि पुढेही तेच करत राहिला, तेव्हा 8 जीबी रॅमचा आमचा जुना संगणक जागच्या जागी थिजला. क्लिपबोर्डवर (कॉपी केलेली गोष्ट संगणक तात्पुरती जिथे ठेवतो तिथे) पडून राहिलेली मोठी प्रतिमा मेमरी अडवते. याउलट प्रत काढायला कंट्रोल-जे दाबले किंवा मूव्ह टूलने ऑल्ट धरून ओढले, तर क्लिपबोर्ड मध्ये येतच नाही. दुसऱ्या फाइलमधला घडसुद्धा ओढूनच आणावा. माझे मत असे की, आधी त्याचा स्मार्ट ऑब्जेक्ट (मूळ प्रतिमा आत जपून ठेवणारा थर, म्हणजे लेयर) करावा आणि मगच प्रती काढाव्यात, कारण सर्व प्रती एकाच मूळ प्रतिमेकडे बोट दाखवतात.

पांझरेकर (धुळे): क्लिपबोर्डबद्दल दुमत नाही, पण स्मार्ट ऑब्जेक्टचा सल्ला मला उलटा वाटतो. फ्लेक्सला 72 डीपीआय (इंचाला 72 पिक्सेल) धरले तर आपला बॅनर 8640 बाय 6912 पिक्सेलचा होतो. त्यात घड 600 पिक्सेलचा असेल, तर पारदर्शकतेसह एका लेयरला सुमारे दीड एमबी आणि चोविसांना 35 एमबीच्या आसपास जागा लागते. स्मार्ट ऑब्जेक्ट केला तरी प्रत्येक प्रतीचे हे पिक्सेल तयार करून ठेवावेच लागतात, शिवाय 4000 बाय 3000 चा मूळ फोटो फाइलच्या पोटात जाऊन बसतो तो वेगळाच. म्हणून घड आधी लागेल तेवढा लहान करावा आणि साध्या लेयरच्याच प्रती काढाव्यात.

तापीकाठ: हिशेब बिनतोड आहे, भाऊ, पण रात्री नऊ वाजता गिऱ्हाईक येऊन म्हणाले की, 'या घडाच्या दोन फण्या काळ्या पडल्यात, त्या काढा', तर आपण चोवीस लेयर एकेक करून दुरुस्त करणार का? स्मार्ट ऑब्जेक्ट एकदा उघडून सुधारला आणि सेव्ह केला की सगळे घड बदलतात. मात्र प्रती कंट्रोल-जे नेच काढलेल्या हव्यात. 'न्यू स्मार्ट ऑब्जेक्ट व्हाया कॉपी' वापरले, तर प्रत्येकाचे मूळ वेगळे होते आणि मेमरीही जाते, सोयही जाते.

पांझरेकर: नुसता रंग बदलायचा असेल, तर चोविसांचा ग्रुप करून त्यावर एक अ‍ॅडजस्टमेंट लेयर (रंग-उजेड बदलणारा थर) क्लिप केली, म्हणजे फक्त त्या ग्रुपपुरती जोडली, तरी भागते. फण्यांच्या बाबतीत मात्र आपले म्हणणे मान्य करावे लागेल. तरीही स्मार्ट ऑब्जेक्ट करायचाच असेल, तर तो घड लहान केल्यानंतर करावा, म्हणजे पोटात बसणारे मूळही लहान राहील.

तापीकाठ: तेवढ्यावर माझी हरकत आहे. तोच व्यापारी उद्या मधला घड दुप्पट मोठा मागेल, आणि 600 पिक्सेलचा घड ताणला की केळीची धार पुसट दिसते. मी निदान 1200 पिक्सेल ठेवीन.