यांत्रिक फायदा 1 पेक्षा कमी, मग ते यंत्र कशाला वापरायचं?

मुलीची_आई: यांत्रिक फायदा म्हणजे भार भागिले बल, हे लेकीला पाठ आहे. पण ती विचारते, एका स्थिर कप्पीचा फायदा फार तर 1, चिमट्याचा त्याहूनही कमी, मग ही यंत्रं उपयोगाची कशी? तिला पटेल असं काय सांगू?

रिकामटेकडा: कप्पीने दिशा बदलते. वर उचलण्याऐवजी खाली ओढायचं, त्यामुळे अंगाचं वजन कामी येतं. चिमट्यात बोटं जराशी हलली तरी टोकं जास्त हलतात, शिवाय नाजूक वस्तू चेंगरत नाही.

फिटरकाका: तिला सायकलचा हिशोब करायला लावा. क्रँक (पायडलचा दांडा) 17 सेंमी, चाकाची त्रिज्या 34 सेंमी, पुढे 44 दाते, मागे 16. घर्षण सोडलं तर फायदा येतो 0.18. पायडलवर 100 न्यूटन दाबा, रस्त्यावर मिळणार 18. आतबट्ट्याचा व्यवहार! पण पायडलच्या एका फेरीत चाक पावणेतीन फेऱ्या मारतं, सायकल जवळजवळ 5.9 मीटर पुढे जाते. पायांत जोर मुबलक असतो, पण ते भराभर फिरवायला मर्यादा येते. सपाट रस्त्यावर जोर फारसा लागतही नाही. मग जोर द्यायचा आणि अंतर घ्यायचं. चढाला पुढे 22, मागे 34 दाते घेतले तरी फायदा 0.77च!

उलट बाजूला स्क्रू जॅक. दांडा 30 सेंमी, पिच (एका फेरीत स्क्रू जेवढा सरकतो ते अंतर) 5 मिमी. एका फेरीत हात 188 सेंमी फिरतो आणि गाडी उचलली जाते फक्त 5 मिमी. वेग गुणोत्तर, म्हणजे हाताचं अंतर भागिले गाडीचं अंतर, 377. कार्यक्षमता (केलेल्या कामातला उपयोगी पडणारा भाग) 30 टक्के धरली तर प्रत्यक्ष फायदा 113च्या आसपास. बाकीचं घर्षण खातं. पण त्या घर्षणामुळेच दांडा सोडला तरी गाडी खाली येत नाही. (तरी गाडीखाली शिरायचं तर स्टँड लावायचाच. नुसत्या जॅकवर मी कुणाला आत जाऊ देत नाही.)

मुलीची_आई: सायकल पटली! आता म्हणते, घर्षण अजून कमी केलं तर जॅक जास्त चांगला होईल ना?

फिटरकाका: पोरगी हुशार आहे. हात हलका चालेल, आणि ग्रीस आम्ही लावतोच, नाहीतर आटे झिजतात. पण कार्यक्षमता साधारण 50 टक्क्यांच्या वर गेली की भारच स्क्रूला उलटा फिरवायला लागतो. बॉल स्क्रूच्या आट्यांत गोळ्या फिरतात, त्याची कार्यक्षमता 90 टक्क्यांच्या आसपास असते. तो उभा बसवला तर मोटर बंद झाल्यावर भार धरायला वेगळा ब्रेक द्यावा लागतो.