गाजर की मोडाचं सोयाबीन: पोषण कशात जास्त?

आहारवही:
एका आहारतक्त्यात 'गाजराची कोशिंबीर किंवा मोडाचं सोयाबीन, १ वाटी' असं आहे. हे 'किंवा' चालतं का? शिवाय सोयाबीनला मटकीसारखे मोड येत नाहीत. दुसऱ्या दिवशी बुळबुळीत होऊन वास मारतो. चुकतंय कुठे?

वरणफळं:
'किंवा' नाही चालत. १०० ग्रॅम कच्च्या गाजरात ४१ कॅलरी आणि प्रथिनं जेमतेम ०.९ ग्रॅम. तेवढ्याच मोडाच्या सोयाबीनमध्ये (कच्चं वजन) १२२ कॅलरी, प्रथिनं १३ ग्रॅम, स्निग्धांश ६.७ ग्रॅम, लोह २.१ मिग्रॅ (गाजरात ०.३), फोलेट १७२ मायक्रोग्रॅम (गाजरात १९). 'अ' जीवनसत्त्वाचा हिशोब मात्र नेमका उलटा: गाजरात सुमारे ८३५ मायक्रोग्रॅम, सोयाबीनमध्ये जवळपास शून्य. तंतूही गाजरात जास्त, २.८ विरुद्ध १.१ ग्रॅम.

गाजरातलं बीटा-कॅरोटीन (शरीर ज्याचं 'अ' जीवनसत्त्व बनवतं ते) तेला-तुपाशिवाय नीट शोषलं जात नाही. कोशिंबिरीला दाण्याचं कूट आणि तेलाची फोडणी असते ती नुसती चवीसाठी नाही! बारीक किसलेलं किंवा वाफवलेलं गाजर तुकड्यांपेक्षा जास्त लागू पडतं.

खरिपाचा_गडी:
मोडांचं बघू. किराणा दुकानातलं सोयाबीन बहुतेक वेळा जुनं किंवा मळणीयंत्रात मार लागलेलं असतं. त्याचं साल पातळ, त्यामुळे उगवणशक्ती लवकर जाते, आणि न उगवलेला दाणाच आधी सडतो. म्हणून आधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून बघा. ७० पेक्षा कमी उगवले तर त्या मालाचे मोड काढूच नका, दळून आणा.

फुटके, सुरकुतलेले दाणे निवडून टाका. तिप्पट पाण्यात ६ ते ८ तास भिजवा, मध्ये एकदा पाणी बदला. रात्रभर आणि वर सकाळभर भिजवलं की दाणा आतून गुदमरतो. फडक्यात घट्ट पुरचुंडी बांधू नका, ती मटकीची रीत. भोकाच्या चाळणीत एक-दोन दाण्यांचा थर, वर ओलं फडकं, दर ५-६ तासांनी धुणं. दोन दिवसांत १ ते २ सेंमी मोड येतात.

आणि कृषी केंद्रातलं पेरणीचं बियाणं चुकूनही वापरू नका. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असू शकतं, धुऊन जात नाही.

आहारवही:
हे मोड कच्चेच कोशिंबिरीत टाकले तर?

वरणफळं:
नको. मोड आल्यावरही ट्रिप्सिन-रोधक बऱ्यापैकी शिल्लक असतो, तो प्रथिनांचं पचन अडवतो. शिवाय ओल्या-उबदार मोडांत जंतू वाढतात. १० मिनिटं चांगली वाफ द्या. त्यात 'क' जीवनसत्त्व १५ वरून ८ मिग्रॅच्या आसपास येतं, म्हणून वरून लिंबू पिळा. त्यानं लोहही जास्त शोषलं जाईल.

थायरॉईडची गोळी चालू असेल तर सोयाबीन आणि गोळी यांत ४ तासांचं अंतर ठेवा. रोज भरपूर गाजर खाऊन तळहात पिवळट दिसले तर घाबरू नका, गाजर कमी केलं की उतरतं. डोळ्यांचा पांढरा भागही पिवळा असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा, ते गाजराचं काम नव्हे.

खरिपाचा_गडी:
कोशिंबिरीत घालायचेच असतील तर वाफवून पूर्ण गार झाल्यावर, किसलेल्या गाजराच्या निम्मे. लिंबू वाढताना पिळा, नाहीतर पाणी सुटतं.